टाक्यांचा नववा दिवस

५ फेब्रुवारी, गुरुवार

मोठ्या डॉक्टरांनी आजपासून थिएटरची वही काटेकोर ठेवायला सांगितली आहे. कोणता कुत्रा, भूल किती वाजता, चीर किती वाजता, आत कोण कोण होतं. ती वही कपाटात राहील, सगळ्यांनी बघायची. ही वही माझी. मनात येतं ते हिच्यात लिहीन, कारण बोलून दाखवलं तर म्हणतील, बाईंचं वय झालं.

आज तिसरी जखम उघडली. वकिलांच्या काळ्या कुत्रीची. गुडघ्याच्या ऑपरेशनचा नववा दिवस. आधीच्या दोघांचंही नवव्या दिवशीच झालं होतं. आठव्या दिवसापर्यंत टाके कोरडे, कुत्रं खातंय, पितंय, पाय टेकवतंय. आणि नवव्या दिवशी दवाखाना उघडायच्या आत मालक दारात. सारखं चाटतंय म्हणे, हाताला ओलं लागतंय.

हे ऑपरेशन आमच्याकडे सुरू होऊन दीड वर्ष झालं. कुत्र्याच्या गुडघ्यातली दोरी तुटली की प्रत्येक पावलाला हाड पुढे सरकतं. डॉक्टर नडगीचं हाड वरच्या टोकाला गोल कापतात, जरासं फिरवतात आणि स्टीलची पट्टी स्क्रूंनी बसवतात. मग दोरीवाचून गुडघा जागेवर राहतो. या दीड वर्षात एकोणतीस कुत्री आपल्या पायांनी घरी गेली. पू झाला तो एकालाच, तोही मालकानं चाटण्यापासून अडवणारा गळ्यातला टोप काढून ठेवला म्हणून. आणि आता महिन्याभरात तीन.

थिएटर मी लावते. बावीस वर्षं लावते आहे. टेबलाच्या पायांच्या चाकांत अडकलेला केससुद्धा मी चिमट्यानं काढते. ऑपरेशननंतरही प्रत्येक जखमेला रोज माझाच हात लागतो. हाताच्या पाठीला जी ऊब कळते ती थर्मामीटरला कळत नाही, हे डॉक्टरही मानतात.

आजच्या जखमेला वास होता. गोडसर, ओल्या गोणपाटासारखा. कुठेतरी आला होता हा वास. आठवेना.

७ फेब्रुवारी, शनिवार

म्हातारबाचा कान पुन्हा वाहतोय. चौदा वर्षांचा झाला आमचा हा घरचा कुत्रा. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, आणि कानांच्या दुखण्यात ऐकणं दोन वर्षांपूर्वीच गेलं. राहिलं ते नाक. मी आले की कामाच्या कपड्यांतच मला जमिनीवर बसावं लागतं. माझ्या पोटाशी डोकं खुपसून तो दिवसभराचा दवाखाना वाचून काढतो. कोण आलं, कोण गेलं, कोण घाबरलं होतं. हे म्हणतात, एवढं लक्ष देऊन मी कधी वर्तमानपत्र वाचलं नाही. ह्यांचा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला, त्यामुळे ही मोठीच पावती.

ह्यांना कानाचा वास येतो म्हणे. मला नाही येत.

"डॉक्टरांना दाखव एकदा," म्हणाले. म्हटलं, बावीस वर्षं मी तिथे काय झाडू मारला? डबा काढला आणि गोळ्या सुरू केल्या. कुत्रं बरं झालं की लोक उरलेल्या गोळ्या आणून देतात, चांगल्या अँटिबायोटिकच्या. टाकायला जीव होत नाही, मी घरी आणून डब्यात ठेवते. चार दिवस दिल्या की कान कोरडा होतो. मग लगेच बंद. गरजेपेक्षा एक गोळी जास्त त्याच्या पोटात जाऊ देत नाही मी.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

नव्या डॉक्टर रुजू झाल्या. मोठ्या डॉक्टरांच्या निम्म्या वयाच्या, म्हणून धाकट्या डॉक्टर. पहिल्याच दिवशी थिएटरच्या उंबऱ्यात उभं राहून प्रश्न. पायाचे केस कधी काढता, भूल द्यायच्या आधी की नंतर? पहिलं इंजेक्शन किती वाजता? दार किती वेळा उघडतं? मी उत्तरं दिली. मनात म्हटलं, नव्याचे नऊ दिवस. मग तो आकडा मलाच नको वाटला.

चहाच्या वेळी दोघांचं वाजलं. मोठ्या डॉक्टरांनी ठरवलंय, ऑपरेशननंतरच्या गोळ्या सात दिवसांऐवजी चौदा दिवस द्यायच्या, आणि त्याही अधिक जबर. धाकट्या डॉक्टरांचं म्हणणं, खरं काम चिरेआधीच्या इंजेक्शनचं. चीर घ्यायच्या अर्धा तास आधी ते शिरेतून जायला हवं, ऑपरेशन लांबलं तर दीड तासानं पुन्हा. जखम उघडी असते तेवढा वेळ औषध रक्तात हवं. नंतर गोळ्या कितीही चारल्या तरी जंतू आत येण्याची वाट बुजत नाही. ती वाट शोधायला हवी.

"शोधा की," डॉक्टर म्हणाले. "तोवर माझी कुत्री मी उघडी सोडणार नाही."

मला डॉक्टरांचं पटलं. माणसानं आपल्या जनावराला जपावं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

शिंपीणबाईंचा बटण गेला. जखम उघडलेल्या तिघांतला पहिला. जंतू रक्तात उतरले होते. शेवटचे दोन दिवस मी त्याच्या पिंजऱ्याशीच होते, डोकं मांडीवर घेऊन. दर तासाला पट्टीखाली बोटं घालून बघत होते. ऊब वाढतच गेली आणि मग अचानक सगळा गार पडला.

शिंपीणबाई एकट्या असतात. बटण त्यांच्या मशीनखाली पायांशी झोपायचा. त्या म्हणाल्या, मशीन चालवताना पाय त्याला लागू नये म्हणून एका बाजूला धरायची सवय झाली आहे, आता तो तसाच राहतो. जाताना उरलेल्या गोळ्यांची पुडी माझ्या हातात दिली. "ताई, कुणाच्या तरी उपयोगी पडू देत." नव्या, जबर गोळ्या होत्या. मी घेतल्या. नाही कसं म्हणणार?

२४ फेब्रुवारी, मंगळवार

लिहू की नको असं झालंय.

कुत्री माझ्या शेजारी बघतात. माझ्याकडे नाही, माझ्या शेजारी. आज एक दांडगा लॅब्रेडॉर पायाचा एक्स-रे काढायला आला होता, शेपूट हलवत. मी खाली बसले. त्यानं माझ्या एप्रनचा वास घेतला, मग मान वळवून माझ्या डाव्या गुडघ्यापाशी बघायला लागला. तिथे काही नव्हतं. त्याच्या मानेवरचे केस उभे राहिले. मालक हसून म्हणाला, दुसऱ्या कुत्र्याला बघून असंच करतो हा.

खोलीत दुसरं कुत्रं नव्हतं.

मग आठवलं, वकिलांची कुत्री पट्टी बदलायला आली होती तेव्हा माझ्याजवळ येताना तिनं वळसा घेतला होता. मोकळ्या फरशीवर. कुणीतरी तिथे पडलेलं असावं आणि त्याला पाय लागू नये, तसा.

२८ फेब्रुवारी, शनिवार

अक्का, माझी थोरली बहीण, जिन्यावरून पडली. कंबरेला मार आहे. उद्या तिच्याकडे जाते, पंधरा दिवस तरी. म्हातारबाला ह्यांच्यावर सोपवलं, गोळ्या लिहून ठेवल्या. शिंपीणबाईंनी दिलेल्या चांगल्या लागू पडल्यात, दोन दिवसांत कान कोरडा.

थिएटरच्या किल्ल्या धाकट्या डॉक्टरांकडे देताना जड गेलं.

१८ मार्च, बुधवार

परत आले. माझ्यामागे गुडघ्याची तीन ऑपरेशनं झाली. वही बघितली. एकाचा सोळावा दिवस, एकाचा चौदावा, एकाचा दहावा. तिन्ही कोरड्या.

सगळे खूश. मोठे डॉक्टर म्हणतात, चौदा दिवसांच्या गोळ्यांनी काम केलं. धाकट्या डॉक्टर म्हणतात, इंजेक्शनची वेळ पाळली त्यामुळे. जखमेत शिरतो त्याला धाकट्या डॉक्टर जंतू म्हणतात, मोठे डॉक्टर इन्फेक्शन म्हणतात. मी मनात नुसतं "तो" म्हणते. मी नव्हते तोवर तो आला नाही. मी बावीस वर्षं जागेवर नव्हते असं कधी झालं नाही, म्हणून ताडून बघायला दुसरं काही नाही. पण काल रिकाम्या थिएटरमध्ये दिवा लावला तेव्हा वाटलं, माझी वाट बघत होता की काय.

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "मुद्रित तपासताना एक गंमत असते. दुसऱ्याच्या दहा चुका सापडतात, स्वतः लिहिलेल्या ओळीतली एक सापडत नाही. डोळा वाचतच नाही ती." कशाचा कशाशी संबंध! ह्यांना सगळीकडे छापखाना दिसतो.

म्हातारबाचा कान पुन्हा वाहायला लागलाय. यावेळी गोळ्यांनी फरक नाही.

२ एप्रिल, गुरुवार

बेकरीवाल्यांच्या पिठ्याचं ऑपरेशन. पिठ्या पांढरा, ओबडधोबड, वासराएवढा. बेकरीवालेही तसेच, भुवयांत पीठ अडकलेलं, आवाज मात्र इतका मऊ की दोनदा विचारावं लागतं. पट्टा माझ्या हातात देताना जरा थबकले, नाक आक्रसलं, मग म्हणाले, "घाबरट आहे हो तो. मोठ्या माणसांना घाबरतो."

मी बाहेरच्या खोलीत त्याच्याजवळ फरशीवर बसले. आधी तोही माझ्या शेजारी बघत राहिला, मग थरथरत माझ्या कुशीत शिरला. त्याची लाळ मी एप्रननं पुसली. भूल चढेपर्यंत हात फिरवत होते. कुणी काही म्हणो, घाबरलेल्या जिवाला आधी हात लागतो आणि मग औषध.

धाकट्या डॉक्टरांनी आज सगळं घड्याळ लावून केलं. केस भूल दिल्यावर, बाहेरच्या खोलीत. पाय औषधी साबणानं तीनदा. इंजेक्शन चिरेच्या आधी बरोबर पस्तीस मिनिटं. आत चारच माणसं. शेवटी म्हणाल्या, आज कुठे फट ठेवली नाही. मीही दिव्याची मूठ दोनदा पुसली होती.

३ एप्रिल, शुक्रवार

पिठ्यानं पाय टेकवला. पट्टीचं टोक उचलून टाक्यांवरून बोटं फिरवली. गार. हातमोज्यातून हे कळत नाही. फार बरं वाटलं.

११ एप्रिल, शनिवार

नववा दिवस.

बेकरीवाले पिठ्याला उचलूनच घेऊन आले, एवढ्या मोठ्या कुत्र्याला. भट्टी तशीच सोडून आले होते. जखमेच्या खालच्या टोकाला दोन टाके सुटलेले, आणि तो वास. मी पुसत होते. ते डोक्याशी उभे होते.

"ताई," ते म्हणाले, "आंबवलेलं पीठ बिघडलं की असाच वास सुटतो. मग आम्ही परात उकळतो, फडकी उकळतो, ओटा घासतो. दोन दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच. माझ्या वडिलांनी शोधून काढलं होतं. परातीत नसतंच ते. मळणाऱ्याच्या नखांत असतं."

मी म्हटलं, आमच्याकडे सगळे हातमोजे घालतात.

त्यांनी पिठ्याच्या डोक्यावर हात ठेवला. मग हळूच म्हणाले, "हा वास मला आधी एकदा आला होता. पिठ्याला सोडायला आलो त्या सकाळी. इथेच. तुम्ही पट्टा घेतलात तेव्हा."

म्हणजे ऑपरेशनच्या आधीच तो खोलीत हजर होता. आम्ही आत दारं लावून घड्याळं बघत होतो, आणि तो बाहेर पिठ्यापाशी, माझ्यापाशी येऊन बसला होता.

१४ एप्रिल, मंगळवार

पिठ्याच्या पुवाचा रिपोर्ट आला. औषधांची लांब यादी, आणि प्रत्येकासमोर एकच अक्षर, वरपासून खालपर्यंत. म्हणजे हे लागू नाही, हेही लागू नाही. शेवटच्या दोन ओळी तेवढ्या वेगळ्या, आणि ती दोन्ही औषधं मूत्रपिंडावर लक्ष ठेवून द्यायची. मोठे डॉक्टर खुर्चीत मागे टेकून बसले होते. त्यांना असं बसलेलं मी पाहिलेलं नाही.

धाकट्या डॉक्टरांनी समजावलं. हा जंतू कुत्र्याच्या कातडीवरच राहणारा, एरवी निरुपद्रवी. पण हा साधा नाही. कुठेतरी त्याला पुन्हापुन्हा औषध मिळालंय, थोडं थोडं, अर्धवट. मरण्याएवढं नाही, शिकण्याएवढं. वकिलांच्या कुत्रीत आणि बटणमध्येही हाच होता, पण तेव्हा त्याला आणखी तीन औषधं लागू होती. "तो मधल्या काळात शिकलाय," म्हणाल्या. "कुठेतरी राहतोय आणि शिकतोय."

पिठ्याच्या आतली पट्टी आता काढता येत नाही, हाड अजून जुळलेलं नाही. आणि धातूवर तो जंतू चिकट थर धरून बसतो, तिथे औषध पोचत नाही. हाड जुळेपर्यंत त्याला दाबून ठेवायचं, मग पट्टी काढायची. तेवढं पिठ्या टिकला तर.

१६ एप्रिल, गुरुवार

ऑपरेशनं बंद. धाकट्या डॉक्टरांनी मंगळवारी थिएटरच्या कानाकोपऱ्यातून कापसाच्या काड्या फिरवून काचेच्या बशांमध्ये जंतू उगवायला ठेवले होते. आज झाकणं बघितली. टेबल, दिव्याची मूठ, केस काढायचं मशीन, दाराची कडी, फोन, अगदी छताचा पंखा. जवळजवळ सगळ्या बशा कोऱ्या. त्या म्हणाल्या, एवढं स्वच्छ थिएटर त्यांनी शिकतानाही पाहिलं नव्हतं.

मला आनंद व्हायला हवा होता. खोलीत नाही, हवेत नाही, हत्यारांवर नाही. मग राहतो कुठे?

दुपारी सगळ्यांच्या नाकातले नमुने घेतले आणि हाताचेही. माझ्या पंज्यासाठी रुंद बशी होती. त्या म्हणाल्या, रोज जशा असता तशाच ठेवा, मुद्दाम धुऊ नका. मी हात टेकवला. थंड, थुलथुलीत लागलं. उचलल्यावर काहीच दिसत नव्हतं.

१८ एप्रिल, शनिवार

माझा हात उगवला.

धाकट्या डॉक्टरांनी दार लावून घेतलं आणि बशी टेबलावर ठेवली. पाच बोटं, तळवा, अंगठ्याचा फुगवटा. राखाडी-पांढऱ्या बारीक ठिपक्यांचा, मोत्यांनी भरतकाम केल्यासारखा. लहानपणी मोडून वाकडी जुळलेली करंगळीसुद्धा तशीच वाकडी. झाकणाच्या आत वाफ धरली होती. तो हात श्वास घेतोय असं वाटलं मला.

"इतरांचं काही नाही," त्या म्हणाल्या. "ताई, तुमच्या घरी कुत्रा आहे का?"

मी हो म्हटलं. कान दुखतो का त्याचा? हो. काय देता? सांगितलं. गोळ्या कुठून आल्या, किती दिवस दिल्या, कधी थांबवल्या. सांगताना माझाच आवाज मला लांबून येत होता. त्या लिहून घेत होत्या, आणि मग त्यांनी लिहिणं थांबवलं.

बशीचं झाकण त्यांनी कणभर उचललं. वास आला. आता आठवलं तो कुठला. माझ्या उशीचा.

२० एप्रिल, सोमवार

म्हातारबाच्या कानात तोच. पोटाशी, काखेत, ओठांच्या घडीत, सगळीकडे तोच.

गोळ्यांचा डबा मी स्वतःहून दवाखान्यात नेऊन ठेवला. मोठ्या डॉक्टरांनी पाकिटं एकेक करून मांडली. मला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी एका पाकिटावरचं आपलंच अक्षर वाचलं. "ताई, यातल्या निम्म्या मीच लिहून दिल्यात," म्हणाले. "नको तेवढ्या."

नोकरी गेली नाही. पण नमुना कोरा येईपर्यंत मी कुठल्याही कुत्र्याला हात लावायचा नाही. घरी म्हातारबालासुद्धा. तो आणि हे मागच्या खोलीत, मी पुढच्या. त्याची अंघोळ आणि कान हे बघतील, हातमोजे घालून. गोळ्या नाहीत, फक्त औषधी शाम्पू आणि कानात थेंब. माझ्यासाठी वेगळा साबण, कपडे उकळायचे, उशी जाळायची. धाकट्या डॉक्टर म्हणाल्या, त्याचा दोष नाही आणि तुम्हीही दुष्टपणानं केलं नाही. मी म्हटलं, मला तसं समजावू नका. त्यांनी साबणाची बाटली माझ्या हातात दिली. मुलगी चांगली आहे.

३ मे, रविवार

शिंपीणबाईंकडे गेले. कुणी पाठवलं नव्हतं. मोठे डॉक्टर तर म्हणाले होते की मालकांशी ते बोलतील.

त्या मशीनवर होत्या. उजवा पाय मशीनच्या पेडलवर, डावा एका बाजूला धरलेला. मी दारातच उभी राहून सगळं सांगितलं. बटणला जे झालं ते माझ्या हातून गेलं. शेवटच्या दोन दिवसांतही मी त्याला तेच लावत होते, ऊब बघतेय असं समजून.

त्यांनी मशीन थांबवलं नाही. शिवण पुरी केली, दोरा तोडला. मग विचारलं, "आणि मी दिल्या होत्या त्या गोळ्या?"

मला खोटं बोलता आलं असतं. "त्याही माझ्या कुत्र्याला दिल्या," म्हटलं. "त्यांनी जंतू आणखी शिकला. नंतरच्या कुत्र्याला म्हणूनच औषध लागू होईना."

बराच वेळ त्या हातातलं कापड नुसतं घडी करत होत्या. "म्हणजे माझ्याही हातून गेलं पुढे," म्हणाल्या. मी नाही म्हटलं. त्यांनी मान हलवली. मग म्हणाल्या, "त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतंत ना तुम्ही? शेवटी?"

"हो."

"मग राहू द्या," म्हणाल्या, आणि नवीन कापड सुईखाली घेतलं. आत या म्हणाल्या नाहीत. त्यांचं बरोबर आहे.

१९ मे, मंगळवार

रोज दोनदा त्या साबणानं अंघोळ. कातडी कागदासारखी झाली आहे. मधल्या दाराच्या फटीखाली म्हातारबाची सावली दिसते. फटीला नाक लावून जोरजोरात हवा ओढतो, आणि मग कण्हतो. हे म्हणतात, पहिल्या आठवड्यात दिवसभर असायचा तिथे. आता कमी झालंय.

नमुन्यात जंतू अजून येतोय. थोडा.

दवाखान्यात कुत्री आता माझ्या शेजारी बघत नाहीत. माझ्याकडेही विशेष बघत नाहीत.

९ जून, मंगळवार

लागोपाठ तिसरा नमुना कोरा. बशी उजेडात धरून मी स्वतः बघितली. हात टेकवला होता त्या जागी काहीही नाही. कुणाचा हात टेकलाच नव्हता असं.

म्हातारबाचा कानही स्वच्छ झाला. कातडीवर कुठेतरी तो असेलच अजून, त्यामुळे त्याची अंघोळ चालू ठेवायची. पण उद्यापासून दार उघडायला हरकत नाही, म्हणाल्या. नियम कायमचे. घरचे कपडे दवाखान्यात नाहीत, तिथले घरी नाहीत, जखमेला उघडा हात कधीच नाही.

१० जून, बुधवार

उद्या पिठ्याची पट्टी काढणार. हाड जुळलं, मूत्रपिंडं तगली, पाय वाचला. बेकरीवाल्यांना खरं काय ते मी पिठ्याच्या आजारपणातच सांगितलं होतं. ते म्हणाले होते, वास त्यांनी ओळखला होता, स्पष्ट बोलायला हवं होतं. उद्या ताईंनी आत असावं असं त्यांनी डॉक्टरांना सांगितलंय. मी जाणार आहे.

आज कामावरून पाचलाच निघाले. दवाखान्यात अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून घरी आले. ह्यांनी मधलं दार उघडलं. सात आठवड्यांनी.

म्हातारबा भिंतीला अंग घासत बाहेर आला. वाळलाय. केस मात्र पिल्लासारखे मऊ, चमकदार. मी नेहमीसारखी जमिनीवर बसले आणि हात पुढे केला. त्यानं बोटं हुंगली. मनगट हुंगलं. पदर, मांडी, पोट, सगळीकडे नाक फिरवलं, नीट, सावकाश. मग एक पाऊल मागे सरला आणि गळ्यातल्या गळ्यात गुरगुरला. परक्यावर गुरगुरतो तसा.

"अरे, ती आहे," हे म्हणाले. पण त्याला ऐकू येत नाही. मी हाक मारली. तीही नाही.

मी हललेच नाही. वाटलं, थोड्या वेळानं ओळखेल. त्यानं मला वळसा घातला, बाहेरच्या दारापाशी गेला, अंग सावरत खाली बसला आणि दाराखालच्या फटीला नाक लावलं.

सहाला मी रोज घरी येते. सहा वाजत आले होते. तो वाट बघत होता.